कागद, कॅरेट आणि कोपीवरची ताडपत्री

उन्हाळ्यात संगमनेर, राहाता, पारनेर या तालुक्यांतून फिरलं तर ओढे-नाले कोरडे ठणठणीत असतात आणि पाणी दिसतं ते चौकोनी खड्ड्यांत, काळ्या किंवा निळ्या अस्तरावर. शेतकरी त्या अस्तराला शेततळ्याचा कागद म्हणतात. जुना अहमदनगर, २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीला टेकलेला आहे आणि तिथं पाऊस धो धो पडतो. तिथून पूर्वेकडं उतरलं की बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत येतो. २०१६ साली राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली तेव्हा या भागाला शेततळं नवीन नव्हतं. डाळिंब आणि द्राक्षवाल्यांनी आधीच खड्डे खोदून कागद अंथरले होते.

थोडा हिशेब करू. वरून तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर आणि बाजू ४५ अंशात उतरत्या, असं शेततळं घेतलं तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. वजनात ते २,२०० टन. तळ आणि उतार मिळून हजारेक चौरस मीटर कागद लागतो, शिवाय काठावरच्या चरात गाडायला थोडा जास्तीचा. कागदाची जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. सगळ्याचं वजन जेमतेम अर्धा टन भरतं. अर्ध्या टनानं बावीसशे टन पाणी धरून ठेवायचं, हे ऐकायला अचाट वाटतं. खरं तर भार सगळा खालची माती पेलते आणि प्लॅस्टिक फक्त पाण्याला वाट नाकारतं. म्हणून कागद अंथरण्याआधी दगड-गोटे वेचून, मुरूम चोपून तळ गुळगुळीत करावा लागतो. एखादा टोकदार दगड खाली राहिला, तर त्या जागी कागदावर असं काम येतं जे त्याचं नाहीच, आणि तिथंच तो फाटतो.

हा कागद पॉलिथिनचा, त्यातही एचडीपीईचा. पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची साखळी आणि प्रत्येक कार्बनला चिकटलेले हायड्रोजन. बस, एवढंच. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन इथल्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघं रसायनज्ञ इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली दुसऱ्याच एका पदार्थाशी जुळवायला बघत होते. ते जुळलं नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा थर मात्र उरला. ते पहिलं पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून त्याचा उपयोग झाला आणि युद्ध संपल्यावर ते बादल्या-पिशव्यांत शिरलं. पुढं १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी साध्या दाबाखाली, उत्प्रेरकाच्या मदतीनं तोच पदार्थ बनवला, तर तो जास्त कडक आणि जास्त घट्ट निघाला. हेच एचडीपीई, आणि आधीचं ते एलडीपीई. रसायन तेच, पण साखळ्यांचा आकार निराळा.

आकारानं काय फरक पडतो? उसाच्या मोळ्या आणि बाभळीच्या फांद्या एकाच ट्रॉलीत भरून बघाव्यात. ऊस सरळ असल्यानं दाबून बसतो, बाभळीला फाटे असल्यानं मधे पोकळी राहते. एलडीपीईच्या साखळ्यांना फाटे असतात, म्हणून ते विरळ, मऊ आणि लवचिक. घनता साधारण ०.९२. एचडीपीईच्या साखळ्या जवळपास सरळ, म्हणून ते दाट आणि कडक, घनता ०.९५च्या आसपास. या दोन-तीन शतांशांच्या फरकानं दुधाची पिशवी आणि टोमॅटोचं कॅरेट असे दोन वेगळे पदार्थ तयार होतात. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, म्हणून दोन्ही तरंगतात. दोघांच्या मधे एलएलडीपीई येतं. त्याला फाटे असतात, पण आखूड आणि बऱ्यापैकी सारखे. ते ताणलं जातं, पण सहजासहजी फाटत नाही. दुधाच्या पिशवीत एलडीपीई आणि एलएलडीपीईचं मिश्रण असतं ते यासाठीच. उष्णतेनं शिवण पक्की बसते आणि पिशव्यांचा ढीग गाडीतून आपटत गेला तरी फुटत नाही.

पॉलिथिनचे तीन स्वभाव शेतकऱ्याला रोज भेटतात. पहिला, ते कशालाच चिकटत नाही. पीव्हीसी पाईप जोडायचं सोल्युशन ठिबकच्या नळीला लावून बघा, सुकल्यावर सालीसारखं निघून येईल. म्हणून ठिबकच्या नळीला खाचांचे जॉइनर आणि रबरी ग्रोमेट लागतात, आणि शेततळ्याच्या कागदाचे पट्टे तापलेल्या पाचरीच्या यंत्रानं वितळवून जोडतात. दुसरा, ते आम्लाला दाद देत नाही. जिल्ह्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी क्षारी. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसले की नळ्यांतून सौम्य आम्ल सोडून ते विरघळवतात आणि नळी जशीच्या तशी राहते. तिसरा स्वभाव जिवावर बेततो. मेणाच्या घराण्यातलं असल्यानं ते गुळगुळीत आहे, आणि ओलं झालं की शेवाळामुळं आणखी निसरडं होतं. भरलेल्या शेततळ्यात घसरलेल्या माणसाला उतारावर पाय रोवता येत नाही, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना. गाठी मारलेले दोर चारही बाजूंनी सोडून ठेवणं, हवा भरलेल्या ट्यूब पाण्यात टाकणं आणि भोवती कुंपण घालणं यांचा खर्च कागदाच्या मानानं किरकोळ आहे. तरी अनेक शेततळी त्यावाचून उघडी पडलेली दिसतात. मला हे अक्षम्य वाटतं.

आता ऊन. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांत पॉलिथिनच्या साखळ्या तोडण्याइतकी ताकद असते. साध्या एलडीपीईची पिशवी गोठ्याच्या छपरावर पडली की काही महिन्यांत तिचा चुरा होतो. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काजळी. ठिबकच्या नळ्या, काळ्या टाक्या, शेततळ्याचा काळा कागद यांच्यात दोन-अडीच टक्के बारीक काजळी मिसळलेली असते. ती किरण स्वतः शोषते आणि साखळ्यांपर्यंत पोचू देत नाही. नळी काळी असल्यानं आत प्रकाशही जात नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. एका दगडात दोन पक्षी.

पॉलिहाऊसला ही युक्ती चालत नाही, कारण तिथं प्रकाश हवाच. २०० मायक्रॉनच्या त्या पारदर्शक कागदात वेगळी रक्षक रसायनं घालतात. त्यांचं गंधकाशी जमत नाही. भुरीसाठी गंधकाच्या फवारण्या सारख्या होत राहिल्या तर कागद मुदतीआधीच जातो. दुसरी दुखरी जागा म्हणजे तापलेल्या लोखंडी पाईपला कागद टेकतो ती रेघ. जुन्या पॉलिहाऊसचा कागद जवळून पाहिला तर मधला भाग धड असतो आणि कमानींवर तो पिवळा पडून चिरलेला दिसतो.

पीव्हीसीचा नूर निराळा. त्याच्या साखळीत एक-एक क्लोरीन बसलेला असतो आणि वजनाच्या ५७ टक्के तोच असतो. हा क्लोरीन येतो मिठातून. म्हणजे शेतात गाडलेली मेन आणि सब-मेन लाइन अर्ध्याहून जास्त मिठाचीच लेक आहे. क्लोरीनमुळं ते जड होतं, घनता १.४च्या घरात, म्हणून पाण्यात बुडतं. लवकर पेट घेत नाही, म्हणून वायरींवर त्याचं आवरण असतं. आणि काही द्रावकांत विरघळतं. सोल्युशन डिंकासारखं वरवर चिकटत नाही. ते दोन्ही पाईपांचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि जोड एकजीव होतो. म्हणूनच पाईप धुळीचा असेल तर जोड गळतो आणि सोल्युशन सुकायच्या आत मोटार चालू केली तर निसटतो.

बांधावर सॉकेट पाडताना पीव्हीसीचा आणखी एक गुण दिसतो. कपलर हाताशी नसला की गडी पाचटाचा जाळ करतो, पाईपचं तोंड त्यावर फिरवत धरतो आणि ते लुळं पडलं की दुसऱ्या पाईपवर दाबून बसवतो. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या पुढं मऊ पडतं. निवलं की दिलेला आकार धरून ठेवतं. सारा कस फिरवण्यात असतो. एका बाजूला आच जास्त लागली की पाईप तपकिरी होतो आणि नाकात झोंबणारा वास येतो. तो वास हायड्रोजन क्लोराइडचा, क्लोरीन साखळी सोडून निघाल्याची खूण. तो भाग पुढं ठिसूळ होणार हे गड्याला रसायनशास्त्रावाचून ठाऊक असतं, म्हणून तो तेवढा तुकडा कापून टाकतो. पीव्हीसी जाळायचं का नाही, याचंही उत्तर याच वासात आहे. उन्हातही क्लोरीन हळूहळू सुटतो, म्हणून मेन लाइन जमिनीखाली बरी. पूर्वी पाईप तापवताना बिघडू नयेत म्हणून त्यांत शिशाचे क्षार घालत. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनं ते घातक असल्यानं केंद्र सरकारनं २०२१ मध्ये ते हटवण्याचे नियम काढले.

मूळचं कडक पीव्हीसी तेलकट रसायन मिसळून मऊ करता येतं. वायरीचं आवरण आणि बागेची नळी ही त्याची रूपं. वर्षानुवर्षं उन्हात तापून ते रसायन निघून गेलं की वायर ताठ होते आणि वाकवली की तडकते. बोअरमध्ये मोटार सोडताना मात्र पुष्कळ जण काळा एचडीपीई पाईप पसंत करतात. तो वेटोळं करून आणता येतो आणि वजनाला हलका असतो.

मोटार वर काढून उघडली की तिच्या पोटातही प्लॅस्टिक निघतं. रिवाइंडिंगची तार तांब्याची, तिच्यावर पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलिनच्या फितींचे थर. ही तार पाण्यात बुडूनच काम करते, तेव्हा साधं वार्निश पुरत नाही. पंख्यांना मिस्त्री नोरील म्हणतात. ते पीपीओ आणि पॉलिस्टायरीन यांचं मिश्रण, गरम पाण्यात आकार न सोडणारं. मोटार कोरडी चालली की ते वितळतं, कारण घासून पैदा झालेली उष्णता वाहून न्यायला पाणीच नसतं.

पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे पीपी. १९५४ साली इटलीत ज्यूलिओ नत्ता यांनी त्याच्या साखळ्या शिस्तीत बांधल्या आणि १९६३ चं नोबेल त्यांना व त्सीग्लर यांना मिळून दिलं गेलं. घनता ०.९, नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये सर्वांत हलकं. साधारण १६० अंशांपुढं वितळतं, म्हणून उकळता चहा किंवा गरम आमटी त्याच्या डब्यात घातली तरी डबा वाकत नाही. लग्नातल्या खुर्च्या, टोपणाची पातळ बिजागिरी, सुतळी, दोर, विणलेली पोती ही सगळी पीपीची. पट्टी ओढून ताणली की तिच्या साखळ्या एका दिशेला लागतात आणि ती लांबीच्या दिशेनं कमालीची मजबूत होते, पण उभी चिरते सहज. म्हणून पट्ट्या आडव्या-उभ्या विणून पोतं करतात.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हा साखर तागाच्या पोत्यांत भरली जायची. आता बहुतेक साखर पीपीच्या विणलेल्या पोत्यात जाते. तागाचं काम टिकावं म्हणून १९८७ चा कायदा आहे आणि त्याखाली साखरेचा काही हिस्सा तागातच भरावा लागतो. दोघांत हमालांची पसंती तागाला, कारण थप्पीवर पीपीचं पोतं घसरतं आणि तागाचं बसून राहतं. पण विणलेल्या पोत्यात ओल शिरू नये असं वाटत असेल तर आत पॉलिथिनचं अस्तर लागतंच. युरियाच्या गोणीचं तसंच. ताकद पीपीची, अडवणूक पॉलिथिनची. मुरघासाची टनाची बॅग तर याचा उत्तम नमुना. मक्याची कुट्टी दाबून भरायची, आतली हवा काढायची आणि तोंड बांधायचं. हवा शिरली की मुरघासाला बुरशी लागते. बाहेरचं विणलेलं पीपी दाब सोसतं, पण त्याच्या विणीतून हवा सरळ ये-जा करते. हवेला थोपवायचं काम आतल्या पिशवीचं. तिला उंदरानं एक छिद्र पाडलं की बाहेरची बॅग धडधाकट असूनही आतला चारा जातो.

कांद्याची गरज याच्या उलटी. घोडेगाव, नेप्ती, राहुरी, पारनेर इथल्या बाजारांत कांदा गोण्यांतून येतो. शेजारच्या नाशिककडं तो ट्रॉलीत सुटा नेतात. कांदा काढल्यावरही श्वास घेतो, पाणी सोडतो, त्याला वारा हवा. ताग तो देतो आणि जाळीची प्लॅस्टिक गोणीही देते. अस्तराच्या पोत्यात भरलेला कांदा मात्र चार दिवसांत घाम सुटून नासतो. एकाच पदार्थाला ‘हवाबंद’ हा गुण आणि ‘हवाबंद’ हाच दोष.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेलं भगवा डाळिंब आणि अकोले-संगमनेरचा नारायणगावला निघालेला टोमॅटो जातो तो कॅरेटमधून. ही कॅरेट एचडीपीई किंवा पीपीची. लाकडी खोक्यात खिळा लागून, खरखरीत फळीला घासून माल खराब व्हायचा. कॅरेट धुता येतं, रचता येतं. त्यानं वाचवलेल्या मालाचा हिशेब प्लॅस्टिकविरोधी भाषणांत सहसा नसतो.

शिर्डीत दर्शनाच्या रांगेपासून स्टॅन्डपर्यंत पाण्याच्या बाटल्या. त्या पीईटीच्या. हे पॉलिएस्टरच, साडीत असतं तेच. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी त्याचा शोध लावला तो धाग्यासाठी. त्याची घनता १.३८, वायू अडवण्याचं काम पॉलिथिनपेक्षा कितीतरी चांगलं, म्हणून सोड्याची बाटली त्याचीच. पण सत्तरेक अंशांना त्याचा ताठा उतरतो. रिकाम्या बाटलीत उकळता चहा ओता, बाटली आक्रसून वेडीवाकडी होईल. बाटलीचे तुकडे टोपणासकट पाण्याच्या टोपात टाकले तर आणखी मजा दिसते. बाटलीचे तुकडे तळाशी जातात आणि टोपणाचे वर तरंगतात, कारण टोपण एचडीपीई किंवा पीपीचं. पुनर्वापराच्या कारखान्यातही नेमकं हेच करतात, फक्त टोप मोठा असतो.

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडे असतात. १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. नोरील, नायलॉन, पॉलिकार्बोनेट ही सगळी सातात कोंबलेली. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत निघाली, प्लॅस्टिकची जात ओळखण्यासाठी. त्रिकोण पाहून ‘हे पुन्हा वापरलं जाईल’ असा समज होतो, आणि तो बहुधा व्हावा अशीच योजना असावी असा मला संशय आहे. सहाव्या आकड्याचं थर्माकोल म्हणजे बहुतांशी हवा. नेण्याचा खर्च वजनाच्या मानानं इतका की भंगारवाला हात लावत नाही. या त्रिकोणाबाहेर कुकरची मूठ आणि जुन्या स्विचबोर्डांचं बेकेलाइट राहतं. त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात, म्हणून ते तापवलं तर करपतं, वितळत नाही.

पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कारखान्यांकडं निघतात तेव्हा गाडीवर ताडपत्री आणि निळं पिंप असतंच. ताडपत्री कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, टाकायला. ती विणलेल्या पॉलिथिनची, दोन्ही अंगांना पातळ थर दिलेली. निळं पिंप एचडीपीईचं, बहुतेकदा कारखान्यातून बाहेर पडलेलं जुनं. इथं एक सावधगिरी हवी. पॉलिथिन पाण्याला शिरू देत नाही, पण तेलकट रसायनं आणि द्रावकं त्याच्या अंगात मुरतात. कितीही घासलं तरी वास येत राहतो, कारण रसायन पृष्ठभागावर नसून आत असतं आणि हळूहळू पाण्यात उतरतं. कीटकनाशकाचं किंवा द्रावकाचं पिंप पिण्याच्या पाण्याला धुऊनही चालत नाही. गोड्या तेलाचं किंवा काकवीचं असेल तर चालेल.

वापरून झाल्यावर या साऱ्याचं काय होतं, ते जातीइतकंच जाडीवर ठरतं. पिशव्यांसाठी किमान जाडीची अट देशात ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली, ती याच कारणानं. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते, वेचली जाते. महाराष्ट्रानं त्याआधी, २०१८ मध्येच हातात धरायच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि दुधाची पिशवी वगळली. शेतातही हाच न्याय लागतो. जुन्या ठिबकच्या नळ्या आणि शेततळ्याचा फाटका कागद किलोवर विकला जातो, कारण माल एकाच जातीचा, जाड आणि धुता येण्याजोगा.

अडतं ते मल्चिंग पेपरवर. वरून चंदेरी, खालून काळा. चंदेरी बाजू ऊन परतवते, काळी तणाला अंधारात ठेवते. टोमॅटो, मिरची, कलिंगडाला २५-३० मायक्रॉनचा वापरतात, त्याहून पातळही मिळतो आणि स्वस्त म्हणून खपतो. हंगाम संपेपर्यंत उन्हानं तो ठिसूळ झालेला असतो, मुळं आणि माती त्याला धरून असतात, आणि ओढला की हातात फक्त पट्टी येते. राहिलेल्या तुकड्यांवर रोटाव्हेटर फिरला की ते नखाएवढे होऊन नांगराच्या थरात मिसळतात आणि पुढं कुणालाच वेचता येत नाहीत. जो कागद निघतो त्यावर मातीच इतकी की भंगारवाला वजन करायला नकार देतो. म्हणून किमान ३० मायक्रॉनचा घ्यावा, पीक उपटल्याबरोबर जमीन किंचित ओलसर असताना दोघांनी मिळून बेडच्या एका टोकापासून गुंडाळत जावं, आणि रोटाव्हेटर त्यानंतरच आणावा. पातळ कागदावर एकरी वाचलेले पैसे तुकडे वेचणाऱ्यांच्या मजुरीत जातात. मजूर लावले नाहीत, तर तुकडे रानातच राहतात.